कालव्याच्या उलट वाटेने

चेन्नईत राहणाऱ्या माणसाला जलाशयांचे आकडे पाठ असतात, जलाशय मात्र त्याने पाहिलेले नसतात. पूंडी ३,२३१, चोळवरम १,०८१, पुळल म्हणजे रेड हिल्स ३,३००, चेंबरंबाक्कम ३,६४५. सगळं दशलक्ष घनफुटांत. उन्हाची तिरीप वाढली की या चार नावांपुढे आजचा साठा आणि गेल्या वर्षी याच दिवशी असलेला साठा पेपरात छापून येऊ लागतो. मग लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, बँकेच्या रांगेत ‘पूंडी किती?’ हा प्रश्न सुरू होतो. पुण्याचा माणूस निदान रविवारी खडकवासल्याला जातो, चौपाटीवर मक्याचं कणीस खातो, पाणी किती उतरलंय ते डोळ्यांनी बघतो. चेन्नईचा माणूस फिरायला निघाला की समुद्राकडे जातो. ज्या बाजूने त्याला पाणी येतं त्या बाजूला त्याची कायम पाठ असते.

हे पुस्तक त्या पाठीमागच्या बाजूचं आहे. पूंडीपासून निघून उत्तुक्कोट्टै, वेंकटगिरी, रापूर, कंडलेरू, सोमशिला, बद्वेल, पोरुमामिळ्ळा, नंद्याळ, वेलुगोडू असं करत श्रीशैलपर्यंत आणि शेवटी महाबळेश्वरापर्यंत, म्हणजे पाणी ज्या दिशेने येतं तिच्या बरोबर उलट. हा प्रवास सलग झालेला नाही. जमेल तसा, तुकड्यातुकड्यांनी, कधी मोटारसायकलवर, कधी आंध्रच्या ‘पल्ले वेलुगु’ बसमधून आणि बराचसा पायी झाला. हमरस्ते शक्यतो टाळले. कालव्याच्या भरावावरून जाणारा खडीचा रस्ता, तलावाच्या बांधावरची गाडीवाट, दोन गावांना जोडणारी पाणंद यांवरूनच हा मुलूख कळतो. चेन्नई-कोलकाता महामार्गावरून गेलात तर नेल्लोरपर्यंत तुम्हाला टोलनाके आणि हॉटेलं दिसतील. पश्चिमेला थोड्याच अंतरावरून एका महानगराचं पिण्याचं पाणी उघड्यावरून चाललं आहे याचा पत्तासुद्धा लागणार नाही.

आधी थोडा हिशेब करून घेऊ, कारण मराठी वाचकाला टीएमसी ही भाषा चांगली समजते. वर दिलेल्या चार जलाशयांची बेरीज होते ११,२५७ दशलक्ष घनफूट, म्हणजे सव्वाअकरा टीएमसी. आपलं एकटं पानशेत साडेदहाच्या वर आहे, आणि उजनी ११७ टीएमसीचं. एका उजनीत चेन्नईचे चारही जलाशय दहा वेळा मावतील. या एवढ्याशा साठ्यावर, शिवाय दक्षिणेकडून पाइपने येणाऱ्या वीराणमच्या पाण्यावर, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांवर आणि टँकरवर हे शहर जगतं. त्यातून हे जलाशय उथळ. पुळलच्या काठावर उभं राहिलं की पाणी क्षितिजापर्यंत पसरलेलं दिसतं आणि माणूस हरखतो; पण ते पसरट आहे म्हणूनच उन्हाळ्यात त्याची वाफ होऊन जाते. सह्याद्रीतल्या दरीत कोंडलेलं खोल पाणी पाहिलेल्या डोळ्यांना हा फरक लगेच जाणवतो.

मद्रास वसवणाऱ्यांनी पाण्याचा विचार फारसा केला नव्हता असं म्हणायला हरकत नाही. कूवम आणि अड्यार या नद्या म्हणायला नद्या. किल्ल्याला पाणी पुरवायला १७७२ साली पेद्दनायकन पेठेत सात विहिरींची योजना झाली. तो भाग आजही ‘सेव्हन वेल्स’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १८७२ मध्ये रेड हिल्सचं पाणी शहरात आलं. पूंडीचं धरण १९४४ चं. मद्रासचे महापौर एस. सत्यमूर्ती यांनी त्यासाठी सरकारशी झगडा केला, पण धरण पुरं व्हायच्या आधीच, १९४३ मध्ये ते गेले. जलाशयाला त्यांचं नाव आहे, सत्यमूर्ती सागर. चोळवरमची कीर्ती मात्र पाण्यासाठी नव्हती. महायुद्धात तिथे विमानांसाठी धावपट्टी केली होती, आणि युद्ध संपल्यावर कित्येक दशकं तिच्यावर मोटारींच्या शर्यती होत असत. शहरातले म्हातारे चोळवरम म्हटल्यावर अजून पाण्याऐवजी जळलेल्या टायरच्या वासाची आठवण काढतात.

याहून जुनं आहे ते ‘एरी’चं जाळं. चेन्नईच्या भोवतालच्या तिरुवळ्ळूर, कांचीपुरम, चेंगलपट्टू या जिल्ह्यांत पावसाचं पाणी अडवणारे हजारो तलाव आहेत. एकाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्यात. चेंबरंबाक्कम याच घराण्यातलं आहे, फक्त शहराने दत्तक घेतलेलं. कांचीपुरमच्या दक्षिणेला उत्तिरमेरूर इथे मंदिराच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, म्हणजे ९१९ आणि ९२१ सालचे लेख आहेत. गावाच्या समित्या चिठ्ठ्या टाकून कशा निवडायच्या, कोण अपात्र, मुदत किती, हे सगळं त्यांत कोरलेलं आहे. त्या समित्यांमध्ये एक ‘एरी वारियम’, तलावाची समिती. त्या लेखांवर लोकशाहीबद्दल गौरवाची भाषणं पुष्कळ होतात. त्या समितीला वर्षभर काम काय असे, तर गाळ काढणं, बांधाच्या फटी बुजवणं, मोऱ्या सांभाळणं. पण हे भाषणात कोणी सांगत नाही. पाणी सोडणारा गावचा माणूस असे, नीरकट्टी; म्हणजे आपला पाटकरी. काही गावांत तो अजून आहे. बऱ्याच गावांत त्या जागी बोअरवेल आहे.

शहराच्या पोटात गेलेल्या तलावांची गोष्ट थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. नुंगंबाक्कमच्या ‘लेक एरिया’त लेक नाही, तलावाच्या जागेवर वळ्ळुवर कोट्टम उभं आहे. आजच्या टी. नगरच्या कडेने मांबळमचा लांबच लांब तलाव होता, तो बुजवून वस्ती झाली. १ डिसेंबर २०१५ ला चेंबरंबाक्कममधून अड्यार नदीत २९,००० क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि शहर बुडालं. २०१९ च्या जूनमध्ये तेच चेंबरंबाक्कम भेगाळलेलं होतं. त्या वर्षी १२ जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिण्यांची गाडी २५ लाख लिटर पाणी घेऊन विल्लिवाक्कमला आली. मराठी माणसाला ती बातमी वाचून २०१६ चं लातूर आठवल्याशिवाय राहिलं नसेल. तेव्हा आपण मिरजेहून, म्हणजे कृष्णाकाठाहून, लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं.

कृष्णेचं नाव आलंच आहे, तर या पुस्तकाच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगतो. एप्रिल १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी आपापल्या वाट्याच्या कृष्णेच्या पाण्यातून प्रत्येकी ५ टीएमसी मद्रासला पिण्यासाठी द्यायचं कबूल केलं. महाराष्ट्रात तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते, दिल्लीत इंदिरा गांधी, आणि देशात आणीबाणी. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या पदरात ५६० टीएमसी टाकले होते, त्यांतले हे पाच. तीन पाचे पंधरा. त्यांतून वाटेतली घट तीन वजा करून आंध्र-तामिळनाडूच्या सीमेवर १२ टीएमसी पोचवायचे, जुलै ते ऑक्टोबरात ८ आणि जानेवारी ते एप्रिलात ४. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव आणि एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारांमध्ये करार झाला. दोघे सिनेमातले नायक. त्यामुळे समारंभ दणक्यात झाले असणार हे सांगायला नको. रामारावांनी योजनेला ‘तेलुगू गंगा’ नाव दिलं आणि मद्रासच्या पिण्याच्या पाण्याला रायलसीमा आणि नेल्लोरच्या पावणेसहा लाख एकरांचं सिंचन जोडलं. पाणी पूंडीत आलं ते १९९६ मध्ये. पुढे कंडलेरू ते पूंडी हा कालवा जागोजागी ढासळला, गळू लागला. सत्य साईबाबांच्या ट्रस्टने तो दुरुस्त करून दिला आणि २००४ पासून त्या भागाला ‘साई गंगा’ म्हणतात. म्हणजे एकाच पाण्याची नावं महाबळेश्वरापासून पूंडीपर्यंत किती वेळा बदलतात बघा.

ठरलेले १२ टीएमसी मात्र शहराच्या पदरात वर्षानुवर्षं पुरते पडलेले नाहीत. का, हे विचारलं की चेन्नईत एकच उत्तर मिळतं: वाटेत चोरतात.

हे ‘वाटेत’ म्हणजे कुठे, ते बघायला मी निघालो. त्यामुळे हे पुस्तक निसर्गवर्णनाचं म्हणून वाचायला घेतलंत तर निराशा होईल, निसर्ग भरपूर असला तरी.

नकाशा समोर धरा. श्रीशैलच्या जलाशयातून पोतिरेड्डीपाडूच्या दरवाजांतून पाणी बाहेर पडतं, बनकचर्ला इथे वाटलं जातं, वेलुगोडूच्या तलावात साठतं, नल्लमला डोंगररांग डाव्या हाताला ठेवून कुंदू नदीच्या सखल खोऱ्याच्या अंगाने दक्षिणेला उतरतं, ब्रह्मसागरमार्गे पेन्नार नदीवरच्या सोमशिलेला येतं, तिथून कंडलेरू आणि मग पूंडी. सोमशिला ७८ टीएमसीचं, कंडलेरू ६८ चं. तहानलेल्या शहराच्या वरच्या अंगाला शहराच्या साऱ्या तलावांपेक्षा कित्येक पटींनी मोठी ही दोन धरणं आहेत. या सगळ्या वाटेवर पंप नाही. श्रीशैलची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ८८५ फूट आणि पूंडीची १४०. पाणी आपल्याच वजनाने उतरत येतं. अभियंत्यांनी उताराचा फूट न् फूट वसूल केला आहे. कालव्याकाठी चालताना ते पाणी इतकं संथ असतं की वाहतंय की नाही हे कळायला गवताची काडी टाकून बघावी लागते.

या रेघेशेजारी आणखी एक रेघ मारता येते. १६७७ च्या वसंतात शिवाजी महाराज गोवळकोंड्याहून निघून श्रीशैलला आले आणि पुढे नंद्याळ, कडप्पा, तिरुपती, काळहस्ती असे उतरत मे महिन्यात मद्रासच्या पश्चिमेला पेद्दापोलम इथे येऊन थांबले. तिथून त्यांनी फोर्ट सेंट जॉर्जच्या इंग्रजांकडे विषावरचे उतारे आणि काही औषधं मागवली. इंग्रजांनी पैसे न घेता नजराणा म्हणून ती पाठवली. अशा बलाढ्य माणसाशी सलोखा राहावा हा त्यामागचा हेतू त्यांच्या दप्तरावरून कळतो. महाराज पुढे जिंजीला गेले. तो किल्ला आता मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दक्षिण दिग्विजयाची ही वाट आणि तेलुगू गंगेची वाट नकाशावर जवळजवळ एकमेकींना धरून चालतात, आणि यात चमत्कार काही नाही. नल्लमला आणि एर्रमला या डोंगरांमधून खाली उतरायचं तर घोडदळाला आणि पाण्याला कुंदूचं खोरंच सोईचं. फरक पुढे पडतो: फौज तिरुपतीकडच्या घाटाने बाहेर पडली, पाणी सोमशिलेपाशी पेन्नारने कापलेल्या खिंडीतून जातं.

आता मुलखाबद्दल. हे वाळवंट नाही, पण ज्याने माण-खटाव, आटपाडी, जत पाहिलंय त्याला हा प्रदेश ओळखीचा वाटेल. लाल माती, उघडे खडक, खुरटी झुडपं, शेळ्या, लांबवर एखादा ताड. रायलसीमेतलं अनंतपूर देशातल्या सगळ्यांत कोरड्या जिल्ह्यांपैकी. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. १८०० साली निजामाने हा टापू इंग्रजांना देऊन टाकला, म्हणून त्याला ‘दत्तमंडलम’ म्हणत, दिलेला मुलूख. १९२८ मध्ये नंद्याळच्या परिषदेत या नावाचा कंटाळा येऊन ‘रायलसीमा’ हे नाव घेतलं गेलं. आपल्या स्वयंपाकघरातला ओटा ज्या काळ्या फरशीचा असतो ती कडप्पा इथलीच. पण ती फरशी खाणीत कशी असते हे पाहिल्यावर ओट्याकडे बघण्याची नजर बदलते. तिचे थर वह्या रचल्यासारखे एकावर एक पडलेले असतात. कामगार छिन्नी लावून पहारीने थर उचकटतात आणि अख्खं पान सुटून येतं. तुटके तुकडे टाकायला जागा नाही, म्हणून शेतांचे बांध, गोठ्यांच्या भिंती, विहिरींचे कठडे, काही ठिकाणी छपरंसुद्धा कडप्प्याची.

पोरुमामिळ्ळ्याला थोडं थांबावं लागेल. कडप्पा जिल्ह्यातल्या या गावाचा तलाव विजयनगरच्या पहिल्या बुक्करायाचा मुलगा भास्कर याने १३६९ मध्ये बांधला आणि तो कसा बांधला याचा शिलालेख तिथेच उभा केला. दोन वर्षं रोज एक हजार माणसं आणि शंभर गाड्या खपत होत्या असा त्यात हिशेब आहे. पण खरी मौज पुढे आहे. चांगल्या तलावाला लागणाऱ्या बारा गोष्टी आणि तलावाचे सहा दोष त्यात सांगितले आहेत. जलशास्त्र जाणणारा ब्राह्मण हवा, कठीण मातीची जमीन हवी, गोड्या पाण्याची नदी हवी, दोन डोंगरांमधला आटोपशीर बांध हवा, जवळ चांगल्या दगडाची खाण हवी, कसबी माणसं हवीत. दोषांमध्ये बांध झिरपणं, खारट जमीन, पाणी थोडं अन् पसारा मोठा, पाणी फार अन् जागा अपुरी हे सगळं कोणत्याही अभियंत्याला पटेल असं. आणि त्यांच्यात एक दोष असा: तलाव दोन राज्यांच्या हद्दीवर असणं.

साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने हा दोष झिरपण्याच्या शेजारी लिहिला. त्याच्या लेखी दोन्हींचा परिणाम एकच होता.

उत्तुक्कोट्टैजवळ ज्या ठिकाणी कालवा आंध्रातून तामिळनाडूत शिरतो त्याला ‘झिरो पॉइंट’ म्हणतात. बघण्यासारखं तिथे फारसं काही नाही: कालव्याचं काँक्रीट, एक पूल, पाण्याच्या मोजमापाची व्यवस्था. पण १२ टीएमसींचा सगळा वाद या मापावर येऊन टेकतो. वरच्या सरकारच्या अधिकाऱ्यांनी कंडलेरूतून सोडलेलं पाणी एक असतं, खालच्या अधिकाऱ्यांनी इथे मोजलेलं दुसरं. मधली १५२ किलोमीटर कोणाच्या हिशेबात धरायची?

त्या मधल्या टापूतली एक गोष्ट प्रस्तावनेतच सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे पुस्तकाचा सूर बदलला. रापूरच्या अलीकडे कालव्याच्या भरावावरून जात होतो. एका ठिकाणी काळा जाड पाइप भरावावरून पाण्यात सोडलेला, दुसरं टोक लिंबाच्या बागेत. गुडूरचा लिंबूबाजार या भागातच येतो, त्यामुळे बागा पुष्कळ. इंजिनाला गोणपाट गुंडाळून आवाज कमी केलेला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसलेले, खांद्यावर पंचा. ते पळून जातील असं मी समजत होतो, तर त्यांनीच पाणी विचारलं. मोडक्या तेलुगूत मी म्हणालो, “ताता, हे पाणी मद्रासचं ना?”

“मद्रासला पोचेल तेव्हा मद्रासचं. आत्ता माझ्या बांधावरनं चाललंय.”

“पण करार आहे.”

“असेल. माझ्याशी कोणी केला नाही.” मग त्यांनी मला गाव विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत जरा चमक आली. “म्हणजे तुम्ही वरच्या अंगाचे. वर तुम्ही किती अडवता?”

याचं उत्तर माझ्याकडे टीएमसीत होतं, पण द्यायची हिंमत झाली नाही. ५६० ऐकल्यावर त्यांना आपला तीन इंची पाइप चोरी वाटला नसता, आणि मलाही वाटेनासा झाला. कायद्याने ती चोरीच आहे आणि शहरात पाण्यासाठी घागर घेऊन रांगेत उभी राहणारी बाई काही या आजोबांपेक्षा सुखवस्तू नाही, हेही खरं. तरी ज्या गावांच्या जमिनी कालव्यात आणि धरणांत गेल्या, त्यांच्या दाराशी वाहणारं पाणी त्यांनी फक्त बघत राहावं अशी योजना आखणाऱ्यांना माणूस कळत नव्हता, एवढं मी म्हणेन. रामारावांना कळत होता. म्हणून त्यांनी सिंचन जोडलं. पण कालव्याला चाऱ्या सगळीकडे पोचल्या नाहीत, आणि जिथे चारी नाही तिथे पाइप येतो.

आपल्याकडेही हे चित्र आहेच. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक समाधानी. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत माणसं जनावरांबरोबर महिनोन् महिने राहिली. कृष्णेचं पाणी चेन्नईला जातं आणि माणला मिळत नाही, हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. मी ते या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. ५६० पैकी ५ म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही, आणि ते पाच वाचवून माणची तहान भागली नसती. खरी अडचण चढाची आहे. चेन्नई समुद्राच्या पातळीवर आहे, माण पठारावर. टेंभू असो की जिहे-कठापूर, कृष्णेचं पाणी त्या पठारावर न्यायचं तर टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलावं लागतं आणि विजेचं बिल दर महिन्याला येतं. खाली उतरणाऱ्या पाण्याला बिल येत नाही. म्हणून पाणी जवळच्या कोरड्या गावाला वळसा घालून दूरच्या शहराला जातं. पूंडीत येणाऱ्या पाण्यात महाबळेश्वरचा थेंब किती आणि तुंगभद्रेचा किती, ते कोणी सांगू शकत नाही. पण करारात आपली सही आहे, एवढ्यासाठी तरी मराठी माणसाने एकदा हा रस्ता बघावा.

बघायला जाणाऱ्यांसाठी काही सूचना. मोबाइलवरच्या नकाशांवर विसंबू नका. त्यांत प्रत्येक एरी बारमाही निळी दाखवलेली असते. प्रत्यक्षात तिथे वेडी बाभूळ माजलेली असते आणि शेळ्या चरत असतात. उलट, ज्या बांधावर जुने ताड ओळीने उभे आहेत आणि कडेला ग्रामदैवत अय्यनारचे मातीचे घोडे आहेत, तो तलाव आज कोरडा असला तरी गावाने टाकून दिलेला नाही असं खुशाल समजा. मे महिन्यात, तिथल्या अग्निनक्षत्राच्या दिवसांत, जाऊ नका. आपल्या पावसाळ्यातही जाण्यात अर्थ नाही, तेव्हा चेन्नईकडचा मुलूख बहुतेक कोरडाच असतो. चेन्नईचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर; त्यानंतरचा जानेवारी सर्वांत चांगला. तेव्हा कालवाही बहुधा वाहता असतो. कालव्यात पाय धुवायला उतरू नका: काँक्रीटच्या उताराला शेवाळ असतं आणि पाणी दिसतं त्याहून खोल असतं, घसरलेल्याला धरायला काही नाही. वेलिकोंडा आणि शेषाचलमच्या बाजूला रक्तचंदनाचं जंगल आहे, म्हणून वनखात्याच्या नाक्यांवर परराज्याच्या गाड्या थांबवून झडती घेतात. त्यात अपमान वाटून घेऊ नये. कागद दाखवावेत, डिकी उघडावी, चहा कुठे मिळेल ते विचारावं.

पूंडीजवळ अत्तिरंपाक्कम नावाचं गाव आहे, तिथे एक प्रकरण खर्ची घातलं आहे, आणि संपादकांच्या मते ते विषयाला सोडून आहे. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये, पल्लावरमला पहिली दगडी कुऱ्हाड सापडल्यानंतर काही महिन्यांनी, इथल्या ओहोळात अश्मयुगातली हत्यारं मिळाली. अलीकडच्या उत्खननांत शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी इथली सर्वांत जुनी हत्यारं सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचं दाखवलं. त्याच जागी ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीची वेगळ्या घडणीची हत्यारंही आहेत. माणसं इतका काळ याच जागी का येत राहिली, याची कारणं दोन: गारगोटीसारखा कठीण क्वार्टझाइट दगड आणि कोसस्थलैयार नदीचं पाणी. त्याच नदीवर पूंडीचं धरण आहे. मग विषय सुटला कुठे? ओहोळाच्या काठावर असले दगड अजून दिसतात. ते जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत, उचलणं गुन्हा आहे. पूंडीला शासनाचं लहानसं संग्रहालय आहे, तिथे हवे तेवढे बघता येतात.

पुस्तकाचा क्रम उगमापासून का नाही, असं हस्तलिखित वाचलेल्या मित्रांनी विचारलं. नदीवरची पुस्तकं उगमापासून सुरू होतात, मुखाशी संपतात, हा रिवाज आहे. पण इथे नदी नाही, मागणी आहे, आणि मागणी खालून वर जाते. शहराला तहान लागते, झिरो पॉइंटवर फोन जातो, तिथून कंडलेरूला, तिथून सोमशिलेला, मग श्रीशैलची पातळी किती आहे ते बघितलं जातं, आणि तिथे कमी असेल तर वरच्या दोन राज्यांकडे डोळे लागतात. मीही त्याच क्रमाने गेलो. म्हणून पहिलं प्रकरण पूंडीच्या दरवाजांपाशी आहे. तिथे रविवारी डबे घेऊन आलेल्या कुटुंबांची गर्दी असते. सोमवारी गेलात तर दरवाजे सांभाळणारी माणसं बोलायला मोकळी असतात.